टाकी भरलेली, काटा खाली

मित्रांनो, आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. मी खोटारडा नाही. काळाचौकीत तुम्ही माझ्याबद्दल काहीही ऐकलं असेल, पण जन्मापासून आजपर्यंत मी एकही थाप मारलेली नाही. मी पेट्रोलचा काटा आहे, जुना आहे आणि माझ्या कामात पक्का आहे. काळाचौकीच्या रस्त्यावरून एखादी बुटकी, लालभडक, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली गाडी जाताना दिसली, तर जरा आत डोकावून बघा. स्टिअरिंगच्या डावीकडे एक गोल पांढरी तबकडी दिसेल. तिला चकचकीत कडी आहे आणि तिच्यावर बारीक तांबडा काटा आहे. तो मी!

माझं काम तुम्हाला सोपं वाटेल. वाटू दे. टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवायचं, एवढंच ते काम. पण मी बसतो पुढे आणि टाकी असते पार मागे, मग मला कळतं कसं? तर टाकीत माझा एक जोडीदार राहतो. त्याला फ्लोट म्हणतात. पोकळ डबीएवढा जीव त्याचा, दिवसभर पेट्रोलवर तरंगत असतो. पेट्रोल वर तर तो वर, पेट्रोल खाली तर तो खाली. तो मला तारेतून कळवतो आणि मी सगळ्या जगाला दाखवतो. आम्ही दोघं एकाच कारखान्यात एकाच वेळी जन्मलो, पण एकमेकांचं तोंड क्वचितच पाहिलंय. तो टाकीतल्या अंधारात आणि मी काचेच्या मागे. तरी आमचं छान जमतं.

माझी पहिली नोकरी दादरला, डॉक्टर रघुवीर यांच्या करड्या गाडीत. डॉक्टर शिस्तीचा माणूस. गाडीत बसले की आधी चष्मा पुसायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. एकदा त्यांच्या पत्नी इरावतीबाई म्हणाल्या, "अहो, परवाच तर पेट्रोल भरलं. हा काटा बिघडलाय." डॉक्टर हसले. म्हणाले, "तू काल माहेरी जाऊन आलीस ना गाडी घेऊन? त्याने बरोबर हिशेब ठेवलाय." मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! इरावतीबाई मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या.

पुढे डॉक्टर गेले. गाडीही म्हातारी झाली. इंजिन एकीकडे, दरवाजे दुसरीकडे असं करत सगळं विकलं गेलं आणि मी न् फ्लोट कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे डालड्याच्या जुन्या डब्यात येऊन पडलो. वर गंजलेले स्क्रू, खाली तुटके आरसे. कोणी विचारेना. तिथे दोघं एका डब्यात होतो, तेवढाच काय तो आमचा सहवास. तारच नसल्याने बोलणं काही झालं नाही.

त्या डब्यात एक दिवस लवूचा हात आला.

लवूची ओळख करून देतो. लवू काळाचौकीचा. वडील गिरणीत होते, गाव कणकवलीजवळचं. गिरणी बंद पडल्यावर लवू पोरवयातच गणपतीच्या कारखान्यात कामाला लागला आणि पुढे सजावटीच्या फायबरकामात उस्ताद झाला. मखराचे खांब, सिंहासनाचे सिंह, कमानीवरचे मोर, सगळं तो फायबरमध्ये ओततो आणि असं रंगवतो की हात लावून बघितल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही. रंगावर त्याचा फार जीव. उघडं लोखंड दिसलं की त्याचा हात शिवशिवतो.

त्याच्यासोबत त्या दिवशी होता वसंत. वसंतही कणकवलीकडचाच, लवूच्याच चाळीतला, लहानपणापासूनचा सोबती. जन्मभर त्याने टॅक्सीची वायरिंग केली. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून कुठली तार कुठे जाते ते सांगेल असा माणूस. त्याने मला उचललं, फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं आणि म्हणाला, "लव्या, हा घे. जुना माल आहे. मरायचा नाय."

आता तुम्ही विचाराल, दोन म्हातारे भंगारात काय शोधत होते? ते गाडी बनवत होते. हो, अख्खी गाडी! तयार गाडी विकत घेतात तशी नव्हे. काही लोक गाडीचे सुटे भाग पेटीतून मागवतात आणि घरी जोडतात, त्याला किट कार म्हणतात. लवूने असं किट मागवलं होतं. त्यात लोखंडी सांगाडा होता, इंजिन होतं, चाकं होती, सीट होत्या. त्या सांगाड्याला गॅरेजात चासी म्हणतात. वरची बॉडी लवूने स्वतःच्या हाताने फायबरची ओतली. किटमध्ये मीटर मात्र नव्हते, म्हणून आमचं नशीब उघडलं.

आणि गाडी कशासाठी? वसंतचं मुंबईतलं सगळं आटोपत आलं होतं. गावी घर बांधून झालं होतं, बायको आधीच तिकडे गेली होती आणि गुढीपाडव्यानंतर तोही कायमचा जाणार होता. दोघांनी ठरवलं होतं की आपण बनवलेली गाडी पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत न्यायची, आणि मग त्याच गाडीतून लवूने वसंतला गावी सोडायचं. मुंबईतल्या त्यांच्या सोबतीचा शेवट असा थाटात व्हायचा होता. लवूच्या बोलण्यात दुसरा विषयच नसायचा.

गणपतीचे दिवस सोडले तर मंडळाची शेड रिकामीच असते. तिथे गाडी उभी राहिली. लवूची बायको शांता दोघांना चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "अहो, गाडी होतेय की रथ? बसायला जागा ठेवा म्हणजे झालं." त्यांची मुलगी रुपाली एका ऑफिसात नोकरी करते. ती रविवारी यायची आणि बाह्या सरसावून नट-बोल्ट आवळायची. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा वसंतने आधी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ऐटीत उठलो आणि बरोबर अर्ध्यावर थांबलो. टाकीत अर्धंच पेट्रोल होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर अगदी फुलून गेलो.

मग दसरा आला आणि माझे ग्रह फिरले.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहे. बाकीचे लोक गाडी धुतात, हार घालतात, मोकळे होतात. पण लवू पडला रंगवाला! त्याने ठरवलं की देवापुढे गाडी उभी करायची तर वरून खालून सारखीच देखणी हवी. खाली कोण बघतं, असं शांताने विचारलंही. "देव बघतो," असं म्हणून त्याने टाकी खाली उतरवली. टाकीला दोन हात लाल रंग. टाकी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना दोन हात. चासीलाही दोन हात. शिवाय नव्या रंगाला ओरखडा नको म्हणून पट्ट्यांखाली रबराचे तुकडे घातले. मग टाकी परत चढवली, झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मनोभावे नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली आणि मी उठलोच नाही. टाकी काठोकाठ भरलेली, आणि मी तळाला पडून.

मित्रांनो, तुमच्यापुढे कोणी खूप महत्त्वाचं बोलतंय आणि तुम्हाला त्याचा एक शब्द ऐकू येत नाही, असं कधी झालंय? माझं तसं झालं. खाली फ्लोट मस्त वर तरंगत होता, पण त्याचा निरोपच येईना. निरोप नाही तर मी खालीच राहणार. काहीच कळत नसताना भलतं काही दाखवावं, असं आपल्याला शिकवलेलं नाही.

पहिल्यांदा लवू घाबरला आणि पंपावर गेला. पंपावरच्या माणसाने नळी लावली, तर पेट्रोल भसकन बाहेर. "ओ काका, टाकी फुल आहे! आंघोळ घालताय काय गाडीला?" तो ओरडला. मागच्या रिक्षावाल्यांनी हसून घेतलं. लवूने माझ्या काचेवर टिचकी मारली. मग जोरात मारली. आणि म्हणाला, "थापाड्या!"

तेव्हापासून ते नाव मला चिकटलं. वसंत म्हणायचा, "बघतो रे उद्या." उद्याचा परवा झाला. चालत्या गाडीचं काम नेहमी मागे पडतं. दोघांनी मग एक युक्ती काढली. रंग ढवळायची लाकडी पट्टी टाकीत घालून पेट्रोल मोजायचं! शिकलासवरलेला, डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेला मी इथे बसलेलो, आणि विचारायचं कोणाला, तर रंग ढवळायच्या पट्टीला. संताप व्हायचा माझा. पण सांगणार कोणाला?

फाल्गुनात, पाडवा तोंडावर आलेला असताना, तिघं जण हिंदमाताच्या कापडबाजारात निघाले. शोभायात्रेसाठी शांताला नऊवारी घ्यायची होती आणि दोघांना फेट्यांचं कापड. त्या दिवशी खरोखरच टाकीत थेंबभर पेट्रोल राहिलं होतं. मी खालीच होतो आणि या वेळी ते अगदी खरं होतं. पण माझ्याकडे बघतो कोण? लवूला वाटलं पट्टी वसंतने घातली असेल, वसंतला वाटलं लवूने. घातली कोणीच नव्हती.

साड्यांच्या दुकानांसमोर, भर गर्दीत, गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. खरेदीला आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. कोणी विचारलं, "काका, लग्नाची आहे काय गाडी?" कोणी मोबाइल काढला. लवूला लोकांनी बघितलेलं आवडतं, पण असं नव्हे. त्याचा चेहरा गाडीइतका लाल झाला.

"तुझी ती वायरिंग!" तो वसंतवर उसळला. "एक काटा चालवता येत नाय तुला? जन्मभर काय टॅक्सीवाल्यांना फसवलंस?"

"माझी वायरिंग?" वसंत म्हणाला. "दसऱ्यापर्यंत चालत होता ना? तू हात लावलास आणि बंद पडला. सगळा प्लास्टिकचा डबा करून ठेवलास गाडीचा!"

"फायबर म्हण मेल्या, प्लास्टिक काय!"

"अहो, रस्ता आहे हा," शांता मागून म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

आणि मग लवू जे बोलून गेला, ते बोलायला नको होतं. तो म्हणाला, "तू गावी जातोयस ना? जा लवकर. इथे तुझ्यावाचून कोणाचं अडत नाय."

 वसंत दार उघडून उतरला, दार नीट लावलं आणि काळाचौकीच्या दिशेने चालत निघाला. लवू स्टिअरिंग धरून बसून राहिला. शेवटी शांतानेच दुकानातल्या पोऱ्यांना बोलावून गाडी बाजूला घेतली आणि स्वतः जाऊन बाटलीतून पेट्रोल आणलं. नऊवारी राहिली ती राहिलीच.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. वसंतची खोली शेडच्या अगदी समोर, तळमजल्यावर. त्याच्या दारातून गाडी दिसते आणि गाडीतून त्याचं दार. रोज सकाळी तो दारात बसून पेपर वाचायचा आणि पेपराच्या वरून हळूच गाडीकडे बघायचा. लवू शेडमध्ये यायचा, फडक्याने काच पुसायचा आणि आरशातून त्याच्याकडे बघायचा. मला दोघंही दिसायचे. मला वाटायचं, ओरडून सांगावं की अरे, बोला! पाडवा जवळ येतोय. हा माणूस उठून निघून जाईल आणि मग आरशात नुसतं बंद दार दिसेल. फार वाईट दिवस होते ते. वसंतच्या खोलीत सामान बांधल्याचे आवाज यायला लागले होते.

लवूने सगळा राग माझ्यावर काढायचं ठरवलं. एक दिवस तो डिजिटल मीटर घेऊन आला. निळे आकडे, काळी काच, तोरा तर विचारू नका. माझ्या तारा सुटल्या आणि मला सीटवर उताणा ठेवलं गेलं. आता परत डालड्याच्या डब्यात जावं लागणार! खरं सांगतो, तेव्हा माझा सगळा रुबाब उतरला होता. त्या नव्याला तारा जोडल्या. रुपालीने किल्ली फिरवली. टाकी भरलेली होती आणि निळ्या अक्षरांत आलं शून्य.

हाहा! मित्रांनो, दुसऱ्याच्या फजितीवर हसू नये, पण मी हसलो.

रुपाली मात्र हसली नाही. ती मला हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. "पप्पा, हा पण शून्य, तो पण शून्य," ती म्हणाली. "म्हणजे वांधा वर नाहीच आहे. खाली आहे. उगाच याला शिव्या देतोय आपण."

"मग खालची वायर खराब असेल," लवू म्हणाला.

"असेल. पण ते शोधायला खाली एक माणूस पाहिजे आणि वर एक. आणि खालचा माणूस कोण ते तुम्हाला माहितीये."

लवूने तोंड फिरवलं. "मी नाय बोलावणार."

शांता तिथेच उभी होती. ती शेडबाहेर गेली आणि थेट वसंतच्या दारात जाऊन उभी राहिली. मला सगळं ऐकू येत होतं. "भावोजी," ती म्हणाली, "मी भांडायला आलेय. त्या दिवशी तुम्ही दोघं भांडलात आणि माझी साडी राहिली. तिचं काय करताय ते सांगा. आणि हे बघा, ते बोलले ते वाईटच बोलले, मी त्यांना सोडलेलं नाही. पण तुम्ही असेच गेलात ना, तर हा माणूस पुन्हा गाडीला हात लावायचा नाही. मला माहितीये त्यांचं."

वाट बघत न बसता रुपालीने टाकी रिकामी करायला घेतली आणि दुपार उलटली. मग समोरच्या खोलीतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला. वसंत पाना आणि पक्कड घेऊन आला. लवूकडे न बघता त्याने रुपालीला विचारलं, "टाकी रिकामी केलीस?"

"केली काका. कॅनमध्ये काढून लांब ठेवलंय, टाकी कधीची उघडी ठेवून सुकवलीय. आणि तुमची काडीपेटी द्या इकडे."

मुलांनो, पेट्रोलचं काम असंच सांभाळून करायचं असतं, आणि ते मोठ्यांनीच करायचं असतं. तुम्ही यात पडू नका.

मला परत माझ्या जागी बसवलं गेलं. वसंत गाडीखाली सरपटत गेला, लवू सीटवर माझ्यासमोर बसला आणि रुपाली मध्ये उभी राहिली. मग जे सुरू झालं ते तुम्ही बघायला हवं होतं.

"त्याला सांग, किल्ली फिरव," गाडीखालून आवाज आला.

"पप्पा, किल्ली फिरवा."

"त्याला सांग, फिरवली."

"काका, फिरवली."

दोघांच्या मध्ये हातभर अंतर! मध्ये फक्त गाडीचा तळ. पण सगळे निरोप रुपालीच्या तोंडून. वसंतने फ्लोटची तार काढून चासीच्या उघड्या बोल्टला टेकवली आणि मी असा झेपावलो म्हणून सांगू! तळापासून थेट शेवटच्या रेघेपर्यंत.

"त्याला सांग, वर गेला," लवू म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"म्हणजे काटा चांगला आहे आणि तारही चांगली आहे," वसंत म्हणाला. थापाड्या हे नाव तेव्हाच पुसलं गेलं. आता राहिला माझा जोडीदार. वसंतने फ्लोट टाकीतून बाहेर काढला, त्याला तार जोडली, चासीच्या त्याच बोल्टवर टेकवून धरला आणि हाताने वर-खाली केला. मीही वर-खाली झालो. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला मी. असं वाटलं की पुन्हा डॉक्टरांच्या गाडीत बसलोय.

सगळे खूश झाले. फ्लोट टाकीत बसवला, पुन्हा पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली. आणि मी पुन्हा मेल्यासारखा.

"बाहेर चालतो, आत चालत नाही," रुपाली डोक्याला हात लावून म्हणाली. शांताने तेवढ्यात मीठ-मोहऱ्या आणल्या आणि गाडीची दृष्ट काढून टाकली. तिचं म्हणणं, हिंदमाताला एवढ्या बायकांनी बघितली, लागणारच. दृष्ट काढूनही मी उठलो नाही.

रुपाली गाडीखाली वाकून बघत बसली. मग तिने विचारलं, "काका, बाहेर असताना तुम्ही फ्लोट कशाला टेकवला होता?"

"चासीला."

"आणि आत बसवल्यावर तो कशाला टेकतो?"

"टाकीला."

"आणि टाकी कशाला टेकते?"

 वसंतने टाकीच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत लाल रंग. मग पट्टीखालचं रबर त्याला दिसलं. "अरे देवा," तो म्हणाला.

काय झालं होतं ते सांगतो. तारेतून करंट फ्लोटपर्यंत जातो, पण त्याला बॅटरीकडे परत यायला वाट लागते. त्या परतीच्या वाटेला गॅरेजवाले अर्थिंग म्हणतात. टॅक्सीची सगळी बॉडी लोखंडाची, त्यामुळे तिथे कुठेही टेकलं की वाट तयार. वसंतने जन्मभर तेच केलं, म्हणून इथे त्याने परतीची वेगळी तार टाकलीच नाही. पण या गाडीची बॉडी फायबरची, त्यातून करंट जात नाही. उरलं काय, तर टाकीच्या त्या दोन उघड्या लोखंडी पट्ट्या. आणि त्या लवूने दसऱ्याला प्रेमाने रंगवून, खाली रबर घालून बंद करून टाकल्या. एकाने वाट ठेवली नाही आणि दुसऱ्याने होती ती बुजवली.

मला वाटलं, आता पुन्हा भांडण! वसंतच्या हातात आयतं कोलीत होतं. तुझा रंग, तुझी हौस, असं तो म्हणू शकला असता. पण तो गाडीखालूनच म्हणाला, "चूक माझी पण आहे. मी वेगळी तार टाकायला हवी होती. टॅक्सीची सवय, दुसरं काय. बॉडी लोखंडाची नाय हे माझ्या टाळक्यातच आलं नाय."

या वेळी तो रुपालीशी बोलत नव्हता. लवू उठला. त्याने फळीवरून पॉलिश पेपर घेतला, पालथा झाला आणि वसंतच्या शेजारी गाडीखाली शिरला. तो स्वतःचा रंग घासायला लागला. तो रंग त्याने किती जीव लावून मारला होता ते मी पाहिलं होतं. लाल पापुद्रे त्याच्या तोंडावर पडत होते. खालून चकचकीत लोखंड निघालं तरी तो घासतच राहिला.

"पुरे रे लव्या," वसंत म्हणाला. "एवढंसं उघडं लागतं. मी तार पण टाकतोय ना."

"घासू दे," लवू म्हणाला. मग हात थांबवून म्हणाला, "वश्या, त्या दिवशी मी बोललो ते... तसं नाय रे. अडतंय. तुझ्यावाचून लय अडतंय."

 पक्कड खाली पडल्याचा आवाज झाला. मग वसंत म्हणाला, "गप. तार धर नीट."

तार लागली, बोल्ट आवळला. लवू बाहेर येऊन सीटवर बसला. त्याच्या केसांत रंगाचा लाल चुरा होता. त्याने किल्ली फिरवली आणि मी सावकाश, ऐटीत, एकेक रेघ ओलांडत वर निघालो. लवूने रुपालीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकून गाडीखाली ओरडला, "वश्या, चढला! चढला रे चढला!"

वसंत बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंड पुसत होता. म्हणाला, रंग डोळ्यात गेला.

पाडव्याला आम्ही गिरगावात होतो. शांताच्या अंगावर हिरवी नऊवारी होती, वसंतने हिंदमाताला स्वतः जाऊन आणलेली. पुढे दोघं फेटे बांधून, मागे शांता आणि रुपाली. ढोल-ताशांनी माझी काच थरथरत होती. लोक वाकून वाकून गाडी बघत होते आणि लवू सगळ्यांना सांगत होता, "बॉडी माझी, वायरिंग याची." ठाकूरद्वारला मी पावावर आलो, तेव्हा वसंत म्हणाला, "पेट्रोल घालायला हवं," आणि लवूने लगेच मान डोलावली. पट्टी घाला, असं कोणी म्हणालं नाही. मी समाधानाने चारी बाजूंना बघितलं.

आणि दोन दिवसांनी आम्ही गावी निघालो. पत्र्याची पेटी मागच्या सीटवर, वसंत लवूच्या शेजारी. वाटेत दोघं इतकं बोलले की मला गप्प बसायची सवय असूनही दमायला झालं. वसंतच्या अंगणात त्याच्या बायकोने आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन दिवस आम्ही तिथेच, आंब्याखाली. निघताना वसंत खिडकीशी आला. त्याने आत हात घालून माझी काच बोटाने पुसली. "अर्ध्यावर आहे," तो म्हणाला. "चिपळूणच्या आधी भर. आणि नीट जा."

 लवूने नुसती मान हलवली आणि गाडी काढली.

येताना शेजारची सीट रिकामी होती. लवूने बोलायला तीन-चारदा तोंड त्या बाजूला वळवलं आणि परत रस्त्याकडे बघितलं. मला त्याच्याकडे बघवेना. चिपळूणच्या अलीकडे एका पंपावर तो थांबला. पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली आणि मी शेवटच्या रेघेपर्यंत वर गेलो. लवू माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल काढला.

"वश्या, टाकी फुल झाली रे," तो म्हणाला.

पलीकडून वसंतचा आवाज आला, "काटा काय म्हणतो?"

"बरोबर दाखवतोय."

"मग झालं तर. घरी पोचलास की फोन कर."

मित्रांनो, ही माझी गोष्ट. तुमच्या घरी, वर्गात, शेजारी कोणीतरी असेल, जो सारखा खाली पडल्यासारखा दिसतो आणि तुम्ही त्याला खोटारडा, रडका, बिघडलेला असं काहीबाही म्हणत असाल. म्हणू नका. त्याच्या काचेवर टिचक्या मारू नका. जरा वाकून बघा, त्याचं बोलणं कुठे अडकलंय ते. आणि रागाच्या भरात कोणाला काही बोलून गेलात, तर त्याला परत यायला वाट मोकळी ठेवा. ती वाट आपणच बुजवलेली असेल, तर पॉलिश पेपर घेऊन आपणच बसायचं. रंग जातो, जाऊ दे.

लवू आता टाकी भरली की दर वेळी पंपावरूनच गावी फोन लावतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. तो हात दाखवून त्यांना थांबवतो आणि आधी मी कुठल्या रेघेवर आहे ते वसंतला सांगतो.